ई-स्कूटरच्या मोटरचं काम घ्यावं का? चीन-अमेरिका ओढाताण, कुपवाडच्या मशीन शॉपमधून

विचारणाऱ्याचं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. संगणकावर चालणाऱ्या दोन सीएनसी लेथ, एक जुनी व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), बहुतेक काम पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या भागांचं. आता पुण्याकडच्या एका मोटर बनवणाऱ्या कंपनीनं ई-स्कूटरच्या मोटरची हाउसिंग (बाहेरचं कवच) आणि शाफ्ट (मधला दांडा) कराल का, असं विचारलंय. त्यासाठी नवी व्हीएमसी घ्यावी लागेल, म्हणजे कर्ज आलं. आणि बातम्या बघाव्यात तर चीननं हे अडवलं, अमेरिकेनं तो कर लावला. प्रश्नाचा शेवट असा आहे: जगाची सत्ता पूर्वेकडं सरकतेय म्हणतात, एआय सगळं बदलणार म्हणतात, यात आमच्यासारख्यानं नेमकं काय बघायचं आणि मशीन घ्यायचं का?

माझी नोकरी साताऱ्यात वाहनांच्या भागांच्या कारखान्यांत परचेस, म्हणजे माल खरेदी, सांभाळण्यात गेली. आता सातारा-सांगलीतल्या छोट्या युनिटना माल कुठून आणि कसा घ्यावा याचा सल्ला देतो. त्यामुळं उत्तर परचेसच्या टेबलावरून देतोय. परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक याच गोष्टी वेगळ्या मांडतील.

आधी ते ‘सत्ता पूर्वेकडं सरकली’ बाजूला ठेवू. ते खोटं नाही, पण त्यावरून मशीन घ्यायचं की नाही हे ठरत नाही. मी वेगळा प्रश्न विचारतो: अमुक वस्तू उद्या यायची थांबली, तर ती कोण थांबवू शकतो? गेल्या पंधरा वर्षांतली प्रकरणं या प्रश्नावर घासून बघितली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अडवण्याची ताकद खाणवाल्याकडं सहसा नसते. ज्याचं नाव डब्यावर असतं त्याच्याकडंही क्वचितच असते. ती असते मधली एखादी पायरी धरून बसलेल्याकडं, आणि ती पायरी बहुधा घाणीची, कमी नफ्याची, कुणाला मिरवावीशी न वाटणारी असते.

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे कळायला विट्याच्या पलीकडं जायला नको. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत. त्यांच्या गावांत सोन्याची खाण नाही, दागिन्यांचा मोठा ब्रँड नाही. होता तो दुष्काळ. मोडीचं सोनं आटवायचं, तेजाबात घालून त्यातलं तांबं आणि चांदी वेगळी काढायची, हे धुराचं, छातीत जाणारं काम त्यांनी पत्करलं आणि परमुलखातल्या कितीतरी सराफ पेठांचं त्यांच्यावाचून अडू लागलं. चीननं रेअर अर्थ धातूंत (निओडिमियमसारखे, मॅग्नेटला लागणारे धातू) केलं ते हेच. फक्त सरकारी पैशानं, देशाच्या मापानं आणि चाळीस वर्षं न थांबता.

तुम्हाला ज्या मोटरची हाउसिंग करायची आहे तिच्यातला मॅग्नेट निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा असतो. वजनात साधारण ३० टक्के रेअर अर्थ, एक टक्का बोरॉन, बाकी लोखंड. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी तयार झाला. जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांनी केला, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत झाला. चीनचा त्या शोधात हात नव्हता. खनिजाचा मोठा पुरवठाही तेव्हा कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीतून व्हायचा. जनरल मोटर्सनं मॅग्नेटसाठी मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली आणि १९९५ मध्ये विकून टाकली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतलं ते उत्पादन चीनला गेलं. माउंटन पास २००२ मध्ये बंद पडली. एकीकडं स्वस्त चिनी माल, दुसरीकडं सांडपाण्याचा त्रास. त्या काळी तिथल्या कुठल्याही परचेस मॅनेजरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काही बिघडत नाही, किलोमागं पैसे वाचतायत. माझ्या धंद्याचा स्वभावच तसा आहे.

काम किती किचकट आहे ते सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे. हे धातू खनिजात एकमेकांत मिसळून येतात आणि त्यांचे रासायनिक गुण इतके सारखे असतात की वेगळे करायला सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या (द्रावकानं वेगळं काढण्याच्या) शेकडो टाक्यांमधून फिरवावे लागतात. आम्लं लागतात, कचऱ्यात किरणोत्सारी थोरियम निघतं. ऑक्साइड मिळालं की त्याचा धातू करायचा, धातूचा मिश्रधातू करायचा, तो हायड्रोजननं फोडून दळून तीन ते पाच मायक्रॉनची पावडर करायची. ही पावडर हवेत पेट घेते. मग चुंबकीय क्षेत्रात दाबून हजार अंशांच्या वर सिंटरिंग (तापवून घट्ट करणं), त्यानंतर ग्राइंडिंग, प्लेटिंग आणि शेवटी मॅग्नेटायझिंग. आज खाणीतून निघणाऱ्या मालात चीनचा वाटा ६० ते ७० टक्क्यांच्या घरात आहे, पण शुद्धीकरणात आणि मॅग्नेटमध्ये तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. त्या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. खाण दुसऱ्या देशात सापडली तरी माल शुद्ध व्हायला बराच काळ चीनलाच जात होता. डिसेंबर २०२३ मध्ये चीननं शुद्धीकरणाच्या आणि मॅग्नेट बनवण्याच्या तंत्राच्या निर्यातीवरही बंदी घातली. माल देऊ, पण कसा करतात ते दाखवणार नाही.

याची पहिली चुणूक २०१०च्या सप्टेंबरात दिसली. जपानच्या ताब्यातल्या, पण चीन हक्क सांगतो त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट जपानी तटरक्षक दलाच्या बोटींना धडकली, जपाननं कप्तानाला पकडलं, आणि जपानला जाणारं रेअर अर्थ आटलं. त्यानंतर जपाननं जे केलं ते मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. आरडाओरडा कमी केला आणि २०११ मध्ये सोजित्झ ही व्यापारी कंपनी व एक सरकारी संस्था यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनास या रेअर अर्थ कंपनीत पैसे घातले. लायनासचा शुद्धीकरणाचा कारखाना मलेशियात उभा राहिला. साठे केले. मॅग्नेटमधलं डिस्प्रोसियम (हाही एक रेअर अर्थ धातू) कमी करायचं संशोधन केलं. एवढं करून दहाएक वर्षांनी चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आलं. पैसा असलेला, शिस्तीचा देश, आणि तरी ६० टक्के! म्हणून कुणी व्यासपीठावरून दोन वर्षांत आत्मनिर्भर होऊ म्हणालं की मी टाळ्या वाजवतो, पण परचेस प्लॅन बदलत नाही.

आता २०२५. ४ एप्रिलला चीननं सात रेअर अर्थ धातू आणि ते असलेले मॅग्नेट यांच्या निर्यातीला परवाना लावला. यादीत निओडिमियम नव्हतं. डिस्प्रोसियम आणि टर्बियम होतं. मोटर तापली की साधा निओडिमियम मॅग्नेट दम सोडतो. तो टिकावा म्हणून हे धातू थोडेसे घालतात. वजनात नगण्य, पण त्यांच्यावाचून तुमच्या गिऱ्हाइकाची मोटर उन्हाळ्यात घाट चढणार नाही. ही बंदी नव्हती, परवाना होता, हे विसरू नका. माल कुठं वापरणार, शस्त्रांत वापरणार नाही, पुढं तिसऱ्याला देणार नाही, हे आपल्या कंपन्यांना लिहून द्यावं लागलं. त्यावर आपल्या सरकारची मोहोर, मग चिनी दूतावास, मग बीजिंगचं वाणिज्य मंत्रालय. बंदी घातली तर जग बोंब मारतं. फाईल टेबलावर पडून असली तर कुणाला काय म्हणणार? बजाज ऑटोला त्या जुलै-ऑगस्टमध्ये चेतक ई-स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. ९ ऑक्टोबरला चीननं यादीत आणखी पाच धातू घातले आणि परदेशात बनलेल्या मालातही चिनी रेअर अर्थ किमतीच्या ०.१ टक्का असलं तर परवाना लागेल असं जाहीर केलं. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, आणि ऑक्टोबरचा हा भाग वर्षभरासाठी स्थगित झाला. एप्रिलची परवाना पद्धत मात्र उठली नाही.

इथून तुमच्या कामाचा मुद्दा सुरू होतो, आणि तो वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. परवाना सुट्या मॅग्नेटवर होता. आत मॅग्नेट बसवलेली तयार मोटर त्या जाळ्यात तशी अडकत नव्हती. त्यामुळं २०२५च्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या वाहन कंपन्यांत चर्चा सुरू झाली की मॅग्नेट मिळत नाही ना, मग रोटर किंवा सगळी मोटरच चीनमधून आणू. असं झालं तर तुमच्या हाउसिंगचं काय? तुम्ही चीनकडून चिमूटभर माल घेत नाही, तुमचं अॅल्युमिनियम कास्टिंग इथलंच, तुमचा कामगार कुपवाडचाच, आणि तरी तुमची ऑर्डर जाते. ती गेली हे तुम्हाला बातमीतून कळत नाही. पुढच्या महिन्याच्या शेड्यूलमध्ये शून्य दिसतं तेव्हा कळतं. छोट्या व्हेंडरची जोखीम त्याच्या स्वतःच्या मालात कमी आणि गिऱ्हाइकाच्या मालाच्या यादीत जास्त असते.

याची दुसरी बाजूही आहे. चीनवर विसंबायचं नाही म्हणून कंपन्या फेराइट मॅग्नेटच्या किंवा मॅग्नेटच नसलेल्या रिलक्टन्स मोटरकडं वळतायत. फेराइट स्वस्त, मुबलक, पण ताकद निओडिमियमच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तेवढाच जोर काढायचा तर मोटर मोठी आणि जड होते. म्हणजे हाउसिंगचा बोअर (आतलं भोक) बदलला, शाफ्टची लांबी बदलली, भाग मशीनवर धरून ठेवणारं तुमचं फिक्स्चर भंगारात. गिऱ्हाईक टिकलं तरी ड्रॉइंग टिकेल असं नाही.

आपला देश यात कुठं आहे? केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे. साठ्यांत आपण जगात पहिल्या पाचांत बसतो. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे. पण मोनाझाइटमध्ये थोरियम असल्यानं तो सगळा कारभार अणुऊर्जेच्या चौकटीत राहिला, खासगी उद्योगाला तिथं फारसा शिरकाव मिळाला नाही. आपल्या वाळूत हलके धातू जास्त, डिस्प्रोसियम-टर्बियम अगदी थोडं. आणि ऑक्साइडपासून मॅग्नेटपर्यंतचा मधला टप्पा व्यापारी प्रमाणात आपण उभाच केला नाही. आपलं ऑक्साइड बरीच वर्षं जपानी कंपनीला जात होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं सिंटर्ड मॅग्नेटसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन क्षमतेचं लक्ष्य. दिशा अगदी बरोबर आहे. पण कारखाना उभा राहणं, त्याचा माल वाहन कंपनीच्या चाचण्यांतून पास होणं आणि चिनी दराशी टक्कर घेणं हे तीन वेगळे डोंगर आहेत. अमेरिकेतसुद्धा माउंटन पास पुन्हा चालवणाऱ्या एमपी मटेरियल्सला जुलै २०२५ मध्ये संरक्षण खात्यानं भांडवल दिलं आणि निओडिमियम-प्रेसिओडिमियमला किलोला ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. मुक्त बाजारपेठेचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशानं हमीभाव दिला! आपल्याकडच्या ऊसवाल्यांना हे वाचून गंमत वाटेल.

मॅग्नेट तुमच्या शॉपमध्ये नाही म्हणाल. मग सीएनसीच्या टरेटमध्ये, हत्यारं बसतात तिथं, काय लावलंय ते बघा. कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा बदलता तुकडा, टंगस्टनचा असतो, आणि जगातलं सुमारे ८० टक्के टंगस्टन चीनमधून निघतं. ४ फेब्रुवारी २०२५ ला चीननं त्यावरही निर्यात परवाना लावला, आणि वर्ष संपेपर्यंत त्याचा जागतिक भाव दुपटीच्या वर गेला. इन्सर्टवर नाव स्वीडनचं असो, जपानचं असो की इस्रायलचं, आतली पावडर शेवटी त्याच बाजारातून भाव घेते. तुमच्या डीलरनं दर वाढवले ते त्याची मनमानी म्हणून नाही. अजूनही अनेक शॉपमध्ये वापरलेले इन्सर्ट कातलेल्या धातूच्या किसाबरोबर भंगारात जातात. ते वेगळ्या डब्यात साठवा. कार्बाइड भंगाराला वेगळा, चांगला भाव आहे, आणि इन्सर्ट कंपन्या स्वतः ते परत घेतात.

मशीनची गोष्टही राजकारणापासून सुटलेली नाही. १९८०च्या दशकात जपानच्या तोशिबा मशीननं सोव्हिएत रशियाला बहुअक्षी मिलिंग मशिनं विकली. कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे होते. त्या मशिनांवर पाणबुड्यांचे पंखे इतके गुळगुळीत झाले की आवाज कमी झाला आणि अमेरिकेला पाणबुड्या ओळखणं जड जाऊ लागलं, असा आरोप झाला. १९८७ मध्ये प्रकरण फुटलं तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणानं फोडला होता. तेव्हापासून चांगल्या पाच अक्षी मशिनांवर निर्यात नियंत्रण घट्ट झालं. आजही अनेक जपानी पाच अक्षी मशिनं जागेवरून हलवली की लॉक होतात; कंपनीचा माणूस येऊन उघडेपर्यंत चालत नाहीत. तुम्हाला साधी व्हीएमसी घ्यायची आहे, तिला हे लागू नाही. पण पुढं कधी सेकंडहँड पाच अक्षी मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून लिलावात बोली लावायची झाली तर आधी हे तपासा.

संगणकाच्या चिपबद्दल थोडक्यात. सगळे बोलतात ते चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीबद्दल आणि नेदरलँड्सच्या एएसएमएलबद्दल, जी ईयूव्ही, म्हणजे टोकाच्या अतिनील किरणांचं, चिपवर नक्षी छापणारं ते महागडं लिथोग्राफी मशीन बनवणारी जगातली एकमेव कंपनी आहे. बरोबरच आहे. पण मला दोन लहान उदाहरणं जास्त बोलकी वाटतात. एक, अजिनोमोटो. हो, चायनीजच्या गाडीवर ज्याची चिमूट पडते तीच जपानी कंपनी. संगणकाच्या प्रोसेसरखालच्या थरांत जी इन्सुलेटिंग फिल्म लागते तिचा जवळजवळ सगळा बाजार या कंपनीच्या हातात आहे. दोन, नेक्सपेरिया. ही डच कंपनी डायोड-ट्रान्झिस्टरसारखे अगदी स्वस्त भाग बनवते आणि तिचा मालक चिनी आहे. ३० सप्टेंबर २०२५ ला डच सरकारनं एका जुन्या कायद्याखाली तिच्या कारभारात हात घातला. चीननं लगेच तिच्या तिथल्या कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. चिपच्या चकत्या युरोपात बनत होत्या, पण पॅकिंगचा मोठा भाग चीनमध्ये होता. पुन्हा मधली पायरी. होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला. काही रुपयांच्या भागानं गाडीची लाईन उभी राहिली. हे प्रकरण घडत असताना साताऱ्यातल्या ज्या परचेसवाल्यांशी मी बोलत होतो, त्यातल्या बहुतेकांना आपल्या कंट्रोलर सप्लायरच्या बोर्डवर कुणाचा ट्रान्झिस्टर बसतो हे माहीत नव्हतं.

एआयबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, पण तुमच्या या निर्णयात त्याला फार जागा नाही. देशांच्या पातळीवर तिथंही खेळ पायऱ्यांचाच आहे. अमेरिकेनं ऑक्टोबर २०२२ पासून चीनला वरच्या दर्जाच्या चिप बंद केल्या. तरी जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीचं एआय मॉडेल आलं आणि सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. त्याच महिन्यात बायडन सरकारनं जाता जाता एआय चिप कुणाला किती द्यायच्या यासाठी देशांच्या तीन पंगती लावल्या आणि भारताला मधल्या पंगतीत बसवलं. मे महिन्यात ट्रम्प सरकारनं तो नियमच मागं घेतला. अशा गोष्टी चार-चार महिन्यांत फिरतात. तुमच्या शॉपसाठी एआयचा एवढाच अर्थ आहे की कॅमेऱ्यानं तपासणी करणारी यंत्रं स्वस्त होतायत आणि मोठी गिऱ्हाइकं लवकरच प्रत्येक नगाचा डेटा मागतील. आत्ताच मापं वहीऐवजी एक्सेलमध्ये ठेवायला लागा. एआयच्या नावानं कुणी सॉफ्टवेअर विकायला आला तर त्याला पुढच्या वर्षी बोलवा.

अमेरिकी टॅरिफचा तुम्हाला थेट फटका नाही, कारण तुमचं गिऱ्हाईक देशातलं आहे. पण २७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावरचा अमेरिकी कर ५० टक्क्यांवर गेला, वाहनांच्या सुट्या भागांवर आणि पोलादावर वेगळे कर आधीच होते, आणि पुढंही दर बदलत राहिले. त्यातून कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या निर्यात करणाऱ्या फाउंड्री आणि मशीन शॉपची रिकामी झालेली क्षमता देशी कामाकडं वळली, तर तुमच्या दराला खालून धक्का लागतो. स्पर्धक वाढतात ते असे. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी हेच वेगळ्या वाटेनं अनुभवलं: २०२३च्या अखेरीस येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, रॉटरडॅमला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, आणि भाडं वाढलं ते वाढलंच, शिवाय नाशवंत मालाचे दहा-पंधरा दिवस समुद्रात गेले.

आपल्या भागाला ही अडवणूक नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, आणि चार वर्षांत पहिलं महायुद्ध लागून परदेशी लोखंडाची आवक आटली. तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतल्याची गोष्ट आपल्याकडं अजून सांगतात. अलीकडचं उदाहरण रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनचं. अमेरिकेच्या दबावामुळं १९९३ मध्ये रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं. आपल्या इंजिनावर जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी झालं ते जानेवारी २०१४ मध्ये. अडवल्यावर आपण करतो, हे खरं आहे. किती वर्षं लागतात तेही खरं आहे, आणि तुमच्या कर्जाची मुदत बहुधा पाच-सात वर्षांचीच असेल.

आता मशीन. माझं मत: काम घ्या, पण मशीन त्या कामासाठी म्हणून घेऊ नका. चौथ्या अक्षाची (भाग फिरवून धरण्याची) सोय असलेली साधी व्हीएमसी घ्या, जिच्यावर पंपाचं केसिंगही बसेल आणि मोटरची हाउसिंगही. एकाच कामाला जखडलेलं स्पेशल पर्पज मशीन कुणी गळ्यात मारत असेल, दर कितीही गोड असला तरी नको. फिक्स्चरचा खर्च गिऱ्हाइकाकडून टूलिंग ॲडव्हान्स म्हणून घ्या. ड्रॉइंग बदललं तर नव्या फिक्स्चरचे पैसे कोण देणार हे पीओमध्येच, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्येच, लिहून घ्या. फेराइटकडं वळण्याची शक्यता डोळ्यांसमोर असताना हे वाक्य नसेल तर सही करू नका.

गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याशी एकदा निवांत बसा. त्याला थेट विचारा की मॅग्नेट कुणाचा, किती आठवड्यांचा साठा ठेवता, डिस्प्रोसियमशिवायचं डिझाइन टेस्ट झालंय का, आणि सगळी मोटर आयात करायचा विचार चालू आहे का. छोटा व्हेंडर असं विचारत नाही, त्याला भीती वाटते की ऑर्डर जाईल. मी त्या बाजूला बसलेलो आहे म्हणून सांगतो, असं विचारणाऱ्या व्हेंडरला आम्ही जास्त गंभीरपणे घेत होतो. उत्तर नीट मिळालं नाही, तर तेही उत्तरच आहे. शेड्यूलमधला पक्का भाग किती आठवड्यांचा आणि अंदाज किती महिन्यांचा हे वेगळं मागा. कच्चा माल फक्त पक्क्या भागापुरताच उचला. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट हा कायद्यानं तुमचा हक्क आहे. एप्रिल २०२४ पासून मुदत उलटूनही वर्षाअखेर थकलेली रक्कम खर्च म्हणून गिऱ्हाइकाला त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळं त्याचा अकाउंट्स विभागही तुमच्या बाजूनं असतो. बिलावर उद्यम क्रमांक छापायला विसरू नका.

ई-मोटरचं काम एकूण धंद्याच्या एक तृतीयांशापेक्षा पुढं जाऊ देऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. हा माझा ठोकताळा आहे, त्यामागं कुठलं शास्त्र नाही. पंपाचं गिऱ्हाईक मात्र मोटरच्या नादात दुखवू नका. पाऊस, वीज आणि कर्जमाफी एवढीच त्याची राजकारणं, आणि ती तुम्हाला पाठ आहेत.

शेवटी कर्जाचा हिशेब. बँकेत जायच्या आधी नव्या व्हीएमसीचा हप्ता फक्त आत्ताच्या पंप आणि ट्रॅक्टरच्या कामावर निघतो का ते मांडून बघा, मोटरच्या ऑर्डरचे पैसे शून्य धरून. ओढाताण होऊन का होईना निघत असेल तर घ्या. निघत नसेल तर जुन्या व्हीएमसीचं स्पिंडल दुरुस्त करून घ्या, सॅम्पल आणि पहिले छोटे लॉट तिच्यावरच द्या, लागलंच तर शेजारच्या शॉपमध्ये तासांवर मशीन घ्या. कुपवाडात आणि मिरजेत रिकामी मशिनं सध्या मिळतात. सहा महिन्यांत कंपनी खरंच आकडे वाढवते का आणि ड्रॉइंगची आवृत्ती किती वेळा बदलते हे दिसेल, मग बँकेत जा.